पीएमओबी, टप्पा दुसरा

चूक माझी होती. खिडक्यांची होती असं मी बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं, पण खिडक्या मीच उघडल्या होत्या.

मे महिन्याचा पहिला सोमवार. संगणकावर एका खिडकीत नव्या इंटर्न मुलीचा अर्ज होता, त्यात 'विद्यार्थिनीचं काम' हा रकाना भरायचा होता. दुसऱ्या खिडकीत आमचा फर्गस विचारत होता, "ॲलिस्टर, खाली चाललोय, तुला काय आणू?" मी मुलीसाठी लिहिलं, 'अर्थपूर्ण आणि वाढीला वाव देणारं काही तरी.' फर्गसला लिहिलं, 'PMOB 2, बाराच्या आत.' आणि दोन्ही नेमकं उलट्या खिडक्यांत पाठवलं.

पीमील ऑन अ बन. मक्याच्या पिठात घोळवलेल्या डुकराच्या मांसाच्या जाड चकत्या, वर मोहरीची चटणी, पाव. टोरंटोत जन्म काढलेला माणूस हे पूर्ण नाव उच्चारत बसत नाही.

फर्गस पाऊण तासानं दोन मफिन घेऊन वर आला. "अर्थपूर्ण काही मिळालं नाही," म्हणाला, "पण हे ओव्हनमध्ये चांगले वाढलेत."

तोवर अर्जावर तीन वरिष्ठांच्या मंजुऱ्या पडून तो कुलूपबंद झाला होता. दुपारी आमच्या उपाध्यक्षा लोर्ना मॅकटॅगर्ट यांचं पत्र आलं : 'पीएमओबीचा दुसरा टप्पा सुरू होतोय हे वाचून समाधान वाटलं. पहिल्या टप्प्यातल्या चुका टाळू या.'

आता सांगा, अशा पत्राला कोणी 'बाई, ते सँडविच आहे' असं उत्तर देईल का? मी 'नक्कीच' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ओडेट गॅन्यों आली. गाव कापुस्केसिंग, म्हणजे इथून गाडीनं उत्तरेला दहा तास. वडील बर्फ सारण्याची गाडी चालवायचे. पोरगी सहा फूट, पायांत भक्कम बूट, हातात मूसच्या, म्हणजे तिकडच्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीच्या नोंदी ठेवायची जाड पुठ्ठ्याची वही. उणे चाळीसमध्ये वाढलेली, पण आमच्या सदतिसाव्या मजल्यावर जुलैत तिला लोकरी टोपी घालावी लागली, इतकी आमची वातानुकूलन यंत्रणा कर्तबगार.

पहिल्याच दिवशी तिनं सरळ सांगून टाकलं. "मागच्या वेळी मी कागदाच्या गिरणीच्या कचेरीत होते. तिसऱ्या आठवड्यात गिरणीच बंद पडली. इंटर्नशिप धरली नाही कॉलेजनं. ही पण धरली नाही, तर पदवी एक वर्ष पुढे. शेवटी एक फॉर्म असतो, त्यात 'विद्यार्थिनीनं काय केलं' ते तुम्ही लिहायचं. तेव्हा आधी सांगा, पीएमओबी म्हणजे काय?"

"ते तू स्वतः शोधावंस, अशीच योजना आहे," मी म्हणालो.

ओडेटनं ते वहीत लिहून घेतलं आणि शोधायला निघाली. तिच्या गावात खोक्यात काय आहे ते कळलं नाही तर खोकं उघडतात. आमच्याकडे खोक्यावर लेबल लावून ते पुढच्या खात्याकडे पाठवतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आधी ती जोखीम विभागाच्या बेव्हर्ली कोवालचुककडे गेली.

"ते गोपनीय आहे," बेव्हर्ली म्हणाली. "तुला कोणी काय सांगितलंय?"

"कोणीच काही नाही."

"मग बरोबर चाललंय."

मग ती फर्गसकडे गेली. फर्गस तसा सज्जन माणूस, पण समोरच्याला माहीत असेल तर आपल्यालाही माहीत असावं अशी त्याची जुनी सवय. "मी पहिल्या टप्प्यात होतो ना," तो डोळे मिटून म्हणाला. "फार वाईट दिवस होते, पोरी. नको विचारूस."

चौथ्या आठवड्यापासून दर गुरुवारी बैठक सुरू झाली. सहाव्यात संगणक विभागानं बोधचिन्ह केलं : निळा बाण, वर चाललेला. आठव्यात कोणी तरी प्रकल्पांच्या प्रगतीच्या तक्त्यात पीएमओबीपुढे लाल ठिपका लावला, मग सगळ्यांनी इतकी धावपळ केली की दहाव्या आठवड्यात तो पिवळा झाला. नक्की कशामुळे, ते विचारलं एकट्या ओडेटनं. बेव्हर्लीनं तिच्याकडे कीव येऊन बघितलं. "ठिपक्याला कारण नसतं गं. कल असतो."

ओडेटच्या वहीत एकतीस माणसांची एकतीस उत्तरं झाली. तारीख, वेळ, ठिकाण, आणि शेवटी शिकारीच्या वहीतला छापील रकाना : 'प्राणी दिसला का?' सगळीकडे 'नाही'.

अकराव्या आठवड्यात ती डब्यात आणलेला मूसचा रस्सा बसमध्ये विसरली. म्हणून पहिल्यांदाच इमारतीखालच्या खाऊगल्लीत जेवायला गेली. रांगेत उभी होती. गल्ल्यावरच्या बाईनं मागच्या खिडकीकडे तोंड करून आवाज दिला, "पीएमओबी, दोन!"

हे मला नंतर तिनंच सांगितलं. वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच : 'बारा वाजून दहा. तळघर. प्राणी दिसला का? हो. मोहरीसकट.'

ती वर आली ती थेट माझ्या टेबलापाशी. "ॲलिस्टर, शेवटचं विचारते हं. पीएमओबी म्हणजे काय?"

खरं बोलायची याहून चांगली वेळ माणसाला मिळत नाही. समोर मुलगी उभी, आसपास कोणी नाही. पण पिवळ्या ठिपक्यासाठी त्याच सकाळी लोर्नाबाईंनी माझी पाठ थोपटली होती आणि पाठ अजून गरम होती.

"ते टप्प्याटप्प्यानं उलगडेल," मी म्हणालो.

"बरं," ओडेट म्हणाली, आणि वहीत काही तरी लिहिलं. या वेळी जरा जास्त वेळ.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी तिचं सादरीकरण होतं. पावणेबाराला चौदा माणसं जमली. लोर्नाबाई टेबलाच्या टोकाला. भिंतीवर एकच ओळ : 'PMOB 2, बाराच्या आत.'

ओडेटनं टेबलाखालून दोन कागदी पुड्या काढल्या आणि लोर्नाबाईंसमोर ठेवल्या. कागदाला तेल आलं होतं.

"पहिल्या टप्प्याचं काय झालं ते सापडलं नाही," ती म्हणाली. "फर्गसनं खाल्लं असेल. दुसऱ्या टप्प्यात दोन मागवले होते, ते आणलेत. बाराला पाच कमी आहेत. सोळा आठवडे उशीर झाला, कारण काय आणायचं ते मागवणाऱ्यानं सांगितलं नाही."

मी समोरच्या फाइलीवरच्या बोधचिन्हाकडे बघत राहिलो. बाण अजून वरच चालला होता.

लोर्नाबाईंनी पुडी सोडली. एक घास घेतला. सावकाश चावला. चौदा माणसं त्यांच्या जबड्याकडे बघत होती.

"मोहरी कमी आहे," त्या म्हणाल्या.

नऊ जणांनी लिहून घेतलं.

"पण याला म्हणतात काम पूर्ण करणं," त्या तोंड पुसत म्हणाल्या. "सहा वर्षांत या मजल्यावर एखादी गोष्ट पूर्ण झालेली मी पाहिली नव्हती. ठिपका हिरवा करा."

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होते," बेव्हर्ली म्हणाली.

दुसरी पुडी फर्गसनं कधी लांबवली ते कोणाला कळलं नाही.

सगळे गेल्यावर मी कॉलेजचा फॉर्म पुढे ओढला. 'विद्यार्थिनीनं काय केलं' हा रकाना सात ओळींचा होता आणि तिची पदवी त्या सात ओळींवर टांगलेली होती. प्रायश्चित्त म्हणून मी तो दोन्ही हातांनी भरायला तयार होतो : नेतृत्व, दूरदृष्टी, विभागांमधला समन्वय, लागेल ते.

"सांग," मी पेन उघडून म्हणालो, "सोळा आठवडे तू काय केलंस म्हणून लिहू?"

ओडेटनं लोकरी टोपी काढून पिशवीत कोंबली.

"'विचारलं' एवढंच लिहा."