तीन सांगाडे आणि एक साधं पान

विलासने दीप्तीचा उजवा हात मोडला तो दिवसाढवळ्या, साजगाव फाट्यावरच्या चहाच्या टपरीमागे, आणि त्याला दोनच फटके पुरले. हातात टॉमी होती. टॉमी म्हणजे ड्रमचं झाकण उपसायची लोखंडी कांब. कारखान्यात ती ज्याच्या त्याच्या हातात असते, म्हणून ती घेऊन फिरणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. पहिल्या फटक्याला मनगट गेलं, दुसऱ्याला बोटं. मग त्याने तिच्या पिशवीतला लॅपटॉप काढला, दगडावर ठेवला आणि त्याचा पार भुगा केला. टपरीवाला पातेल्यात बघत राहिला.

"आता कर वेबसाइट," विलास म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

विलास फाट्याजवळच्या एका कारखान्यातल्या ठेकेदाराचा माणूस, आणि दीप्ती त्याच कारखान्याच्या गेटवरची कारकून. तिथे आजूबाजूच्या कारखान्यांतून रिकामे ड्रम यायचे, ते धुऊन परत पाठवायचे. रिकामे म्हणायचं आपलं. तळाशी काय उरलंय ते धुणाऱ्याच्या कातडीला आधी कळायचं. काम सोडून गेलेल्यांचे पास ठेकेदाराने जपून ठेवले होते, आणि नवा माणूस आला की तो जुन्याच्या पासवर आत जायचा. रजिस्टरमध्ये पेनाने पासवरचंच नाव लिहायचं, असा दीप्तीला हुकूम होता. तिने तो दोन वर्षं मुकाट पाळला.

पण पाळी सुटताना अडचण व्हायची. नवशा हा डोंगरपायथ्याच्या वाडीतला गडी संतोष नावाच्या पासवर आत जाई, आणि 'संतोष' अशी हाक मारली की ओच देत नसे. त्याला वाटायचं, दुसऱ्या कुणाला बोलावतायत. म्हणून दीप्ती समासात पेन्सिलने खरं नाव लिहायची आणि त्याच नावाने हाक मारायची. "नवशा." आतून उत्तर यायचं, "हाय." मग तो गेटबाहेर पडायचा आणि ती नावापुढे टिंब द्यायची. एकही माणूस आत राहू नये म्हणून तिची ती रीत. महिनाअखेरीला पेन्सिल खोडायची, आणि खोडण्याआधी ती प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवायची. तिचे वडील धर्माजी तरुणपणी एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये डाव्या हाताची तीन बोटं घालवून बसले होते, आणि कागदोपत्री ते त्या दिवशी कामाला आलेच नव्हते. ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती.

फोटो साठत गेले तशी तिच्या डोक्यात वेबसाइट आली. स्वतःची, कुणी न सांगितलेली. कोण कुठल्या दिवशी आत होतं, कुणाला कुठल्या ड्रमने काय केलं, हे कामगारांना आपल्या फोनवर बघता यावं. व्हिडिओ बघून बघून ती हे काम चांगलं शिकली होती. अडलं एकाच ठिकाणी: फ्रेमवर्क कुठला घ्यायचा? फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, त्यावर आपण आपलं मांस चढवायचं. सांगाडे पुष्कळ, आणि जो तो आपल्याच सांगाड्याचे गोडवे गाणार.

तिने रिॲक्ट नावाच्या सांगाड्यात सुरुवात केली. लॉगिनचं पान झालं, आणि देखणं झालं. त्याच आठवड्यात ड्रम धुणाऱ्या रूपाच्या पायावर काहीतरी सांडलं आणि चप्पल काढताना तिच्याबरोबर तळव्याची कातडी निघाली. दीप्तीने तारीख टिपून ठेवली. वेबसाइट तयार झाली की घालू म्हणाली. मग कुणीतरी व्हिडिओत सांगितलं की एकट्याच्या कामाला व्ह्यू हा सांगाडा बरा. झालं, सगळं मोडून पुन्हा मांडलं, आणि पुन्हा लॉगिनचं पान केलं. एका म्हाताऱ्याने तोंडाला बांधायला मास्क मागितला म्हणून विलासने त्याचे दोन दात पाडले, तेव्हा ती तिसरा सांगाडा, स्वेल्ट, शिकत होती. तिने तुलनेचा तक्तासुद्धा केला होता. कुठला वेगवान, कुठला हलका, पुढच्या पाच वर्षांत कुठला टिकेल. चौदा महिन्यांत लॉगिनचं पान तीनदा झालं, नावांचं एकदाही झालं नाही. राग यावा असंच आहे हे, आणि तिला स्वतःचा जितका आला तितका दुसऱ्या कुणाला यायचा नाही.

फेब्रुवारीत ड्रम फुटला. नवशाने झाकणाला टॉमी लावली, आत कोंडलेली वाफ होती, झाकण उडालं आणि मागोमाग आतलं सगळं त्याच्या तोंडावर आलं. गेटवर बसलेल्या दीप्तीला आधी धडाका ऐकू आला आणि मग ओरडणं. ते माणसाचं आहे हे कळायला तिला वेळ लागला. नवशाचे दोन्ही डोळे गेले. त्याला टेंपोत घालत होते तेवढ्यात तिने रजिस्टरच्या पानाचा फोटो काढला. बरं झालं काढला, कारण संध्याकाळी विलासने स्वतः रबर घेऊन समास स्वच्छ केला. नवशा नावाचा कुणी त्या पाळीला आत नव्हता, असं कंपनीने सांगून टाकलं.

चौथ्या दिवशी नवशाची बायको गोदा वाडीवरून चालत गेटवर आली. विलासने तिला केसांना धरून रस्त्यावर लोटलं. तिचं कोपर फुटलं. दीप्ती मागून गेली, तिला टपरीपाशी बसवलं आणि हळूच म्हणाली, "माझ्याकडे त्याचं नाव आहे. सगळ्यांचीच आहेत. मी वेबसाइट बनवतेय."

"दाव," गोदा म्हणाली.

गोदाच्या तडकलेल्या फोनवर दीप्तीने पत्ता घातला. एक चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. शेवटी आलं ते लॉगिनचं पान.

"नाव कुटं हाय?"

"अजून घातलं नाही. आधी दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये होतं, मग मी—"

"कदीपासनं चाललंय ह्ये?"

"चौदा महिने."

गोदाने तिच्या कानफटात मारली. रोज लाकडं फोडणारा हात तो. दीप्तीचा ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली.

"रूपाचा पाय, त्या म्हाताऱ्याचं दात, समदं तुला ठावं व्हतं, आन आमाला नाय," गोदा म्हणाली. "ह्ये बगितलं असतं तर म्या त्याला धाडलाच नसता."

टपरीवाल्याचे कान मोठे. पुढच्या मंगळवारी विलास टॉमी घेऊन आला, ते वर सांगितलंच.

फोटो वाचले, कारण त्या दिवशी फोन घरी चार्जिंगला होता. गोदाने खोपोलीत जाऊन तक्रार लिहून दिली होती, आणि सरकारी साहेब चौकशीला येता सोमवार सोडून त्यापुढच्या सोमवारी येणार होते. त्याआधी नवशाचं नाव सापडलं नाही, तर तो त्या कारखान्यात कधी गेलाच नव्हता असं कायमचं ठरणार होतं. दीप्तीकडे बारा दिवस होते, लॅपटॉप नव्हता, आणि उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात ठणकत होता. डाव्या अंगठ्याने फोनवर जेवढं टाइप होईल तेवढंच. एकेका अक्षराबरोबर खांद्यातून कळ जायची. चौथ्या वेळी तक्ता करावा लागला नाही. सांगाडा नाही, लॉगिन नाही. एकच साधी फाइल: नाव, तारीख, काय झालं, आणि खाली रजिस्टरचा फोटो.

उरलेल्या दोन बोटांत फोन धरून धर्माजी तिच्यासमोर बसायचे, म्हणजे तिला टाइप करता यायचं.

"याला काय म्हणतात गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. नुसतं पान."

"मग हेच आधी का नाय केलंस?"

दीप्तीने रूपाची तारीख टाइप केली.

साठ नावं झाली. ती वाडीवर गेली आणि फाइल ब्लूटूथने आपल्या फोनवरून गोदाच्या फोनवर सोडली. वाडीवर नेटवर्क नसतं, तरी पान चटकन उघडलं. चाक फिरलं नाही. शेजारच्या नंदाने मोठ्याने वाचलं. गोदाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुजं नाव कुटं हाय?"

"माझं कशाला?"

"खोटी नावं कुनी लिवली? इलासनं?"

दीप्ती तिथेच ओट्यावर बसली. मग तिने सगळ्यात वर एक ओळ टाइप केली, आणि त्यानंतर ते पान वाडीतून वाडीत, फोनवरून फोनवर गेलं.

सोमवारी वाड्यांवरची माणसं फोन घेऊन गेटवर जमली, आणि साहेबांच्या आधी विलास तिथे पोचला. त्याने गोदाच्या हातातला फोन हिसकला आणि टाचेखाली चिरडला. नंदाने आपला पुढे केला, तोही गेला. तिसरा एका पोराच्या हातातून ओढताना त्याने त्याचं नाक फोडलं. चौथा फोन रूपाने पुढे केला, आणि तो घ्यायला विलास वाकला तशी दुसऱ्या हातातली टॉमी तिने त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मग चाळीस-पन्नास माणसं त्याच्यावर तुटून पडली, लाथांनी, चपलांनी, दगडांनी. दीप्ती सोडवायला गेली नाही. तिला ते बघताना बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे ती आजही लपवत नाही.

साहेबांची जीप थांबली तेव्हा विलास रक्तात आडवा पडून विव्हळत होता. साहेबांबरोबरच्या पोलिसाने गर्दी हटवली, विलासला टेंपोत घातलं, रूपाला धरून जीपमध्ये बसवलं. कंपनीच्या माणसाने स्वच्छ समासाचं रजिस्टर पुढे केलं. दीप्तीने डाव्या हाताने आपला फोन पुढे केला.

साहेबांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली. "रजिस्टरमधली खोटी नावं मी लिहिली आहेत. दीप्ती धर्माजी, गेट कारकून." त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. गर्दीनेही पाहिलं, आणि त्या बघण्यात माया नव्हती. मग त्यांनी फोटो मोठा केला, पेनाच्या 'संतोष'शेजारची पेन्सिल निरखली आणि वाचलं, "नवशा."

"हाय," गोदाने आणून भिंतीच्या कडेला बसवलेला नवशा म्हणाला.

डोळ्यांवर पट्टी होती. कुणी वाचलं, कशासाठी वाचलं, त्याला दिसत नव्हतं. पाळी सुटल्यावर उठायचा तसा तो उठला आणि हात पुढे करून गेट चाचपू लागला. त्याच्या नावापुढे टिंब द्यायचं अजून राहिलं होतं. दीप्तीने साहेबांच्या हातातून फोन घेतला, डाव्या अंगठ्याने ते दिलं, आणि पोलिसाने सांगितलं तशी रूपाशेजारी जाऊन बसली.