पिशाच्चाचा कोट

कपडेपट सांभाळणाऱ्या ताईंनी भुताखेतांच्या सिनेमांसाठी उभा जन्म शिलाई केली. पडद्यावरचं रक्तपिपासू पिशाच्च शेकडो वर्षांचं, कधीच न मरणारं. पण ते काम करणाऱ्या नटाचं पोट मात्र दर सिनेमाला सुटायचं, आणि ताई कुरकुरत त्याचा काळा कोट उसवून सैल करून द्यायच्या.

या खेपेला कोट खांद्यावरून घसरायला लागला. ताई टाचण्या लावून तो आवळू लागल्या, तेव्हा बोटांना फासळ्या लागल्या.

"दादा, डॉक्टरांना दाखवलंत का?"

"दाखवलं. कुणाला बोलू नका, ताई. एवढा सिनेमा होऊ दे." मग तो कसंनुसं हसला. "न मरणाऱ्याचं सोंग काढून काढून जीव अगदी शिणलाय बघा."

ताईंचेही गुडघे धरले होते, डोळे चुरचुरत होते. आतून कापसाचा थर घालून त्यांनी कोट अंगावर भरल्यासारखा केला.

शूटिंगला शवपेटीत आडवा झाल्या झाल्या त्याला गाढ झोप लागली. दिग्दर्शक हाका मारू लागला, तशा ताई लगबगीनं पुढे झाल्या.

"थांबा जरा, कोटाचं बटण तुटलंय," त्या म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवत पेटीशेजारी सावकाश बसल्या.