मोठ्या गोळ्यांचा दुसरा बंध

"हात खोटं बोलत नाही," असं कातारी सारखं म्हणायचा. चाळीस वर्षं त्याने लेथवर लाकूड फिरवलं होतं. पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे, पाळण्याचे मणी. पण त्या आठवड्यात त्याला आपल्याच हातांचा संशय यायला लागला.

त्याची लेक शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिने वर्गासाठी अणूंचे लाकडी गोळे मागितले होते. जोडायला वेताच्या काड्या. पहिला बंध म्हणजे दोन गोळ्यांमध्ये सरळ काडी, दुसरा म्हणजे बाजूच्या भोकांतून वाकवून घातलेली कमान. कार्बनच्या लहान गोळ्याला दोन्हीकडून ऑक्सिजन असे दुहेरी जोडले, तर तिघे घट्ट बसले.

मग वाळू करायची होती, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. लेकीने दिलेल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात कार्बनच्या बरोबर खाली सिलिकॉन. एकाच घरातली भावंडं, एकाला जमतं ते दुसऱ्याला जमणारच, असं त्याने ठरवून टाकलं. लेकीला विचारायचं सुचलंच नाही.

सिलिकॉनचा गोळा मापाने थोराड निघाला. सरळ काडी बसली. कमान मात्र जेमतेम टेकायची आणि टणकन उडायची. लांब वेत घेतला, तर तो ढिला पडून गोळे डुगडुगायचे. तीन दिवस तो उठत होता, बसत होता, भोकं कोरत होता.

"अहो, जेवून घ्या. गोळे पळून जात नाहीत," बायको म्हणाली.

"पळतायत, हेच तर दुखणं आहे!"

चौथ्या दिवशी सकाळी त्याने पिशवी लेकीच्या प्रयोगशाळेत टेबलावर ठेवली.

"दुसरा कातारी बघ. माझे हात गेले."

लेकीने गोळे पाहिले. "बाबा, वाळूला कमानी कुणी लावायला सांगितल्या?"

"तुझ्या तक्त्याने."

"हात शाबूत आहेत तुमचे. दुसरा बंध बाजूने होतो. लहान अणू जवळ बसतात, त्यांच्या बाजू भिडतात. मोठ्यांमध्ये अंतर वाढतं, बाजू नीट भिडत नाहीत. झालाच बंध तर कच्चा."

"मग सिलिकॉन करतो काय?"

"एकाच ऑक्सिजनला दोनदा धरण्यापेक्षा चार ऑक्सिजनना एकेकदा धरतो. प्रत्येक ऑक्सिजन पलीकडच्या सिलिकॉनला धरतो. म्हणून कार्बनचं तिघांचं सुटं कुटुंब वायू होऊन उडतं आणि एकमेकांत गुंतलेली वाळू दगडासारखी घट्ट राहते."

कातारी गोळा हातात फिरवत राहिला.

"तीन दिवस बापाला नाचवलंस! आधी सांगायला तोंड दुखत होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे? बसा, चहा सांगते."

"चहा कसला! चार-चार भोकं पाडायचीत. पलीकडे सिलिकॉन, त्याच्या पलीकडे ऑक्सिजन... संपतं कुठे हे?"

"संपत नाही. लाकूड पुरेल तेवढं करा."

पिशवी काखेत मारून तो निघाला. गोळे एकमेकांवर आपटत होते आणि त्याचं मोकळं बोट हवेत चार कोन मोजत होतं. हजेरीपट उघडा टाकून लेक दारात उभी राहिली, तो फाटकाबाहेर जाईपर्यंत.