उजव्या बाजूचा सराव

परका देश खऱ्या अर्थाने कळायचा असेल, तर तो स्वतः गाडी चालवत पाहिला पाहिजे. उलव्यातल्या आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ मंडळींसमोर हे वाक्य मी बऱ्यापैकी गंभीरपणे उच्चारलं होतं. तोवर मी एकही परका देश कुठल्याच वाहनातून पाहिलेला नव्हता. शेजारी बसलेले एक निवृत्त अधिकारी लगेच म्हणाले, "गाडीशिवाय इटली म्हणजे मिठाशिवाय भात." ते स्वतः अकरा दिवसांत सात देश करून आले होते, टूरच्या बसमधून.

खरं तर गाडीचा प्रश्न देश कळण्यासाठी नव्हता, बायकोच्या गुडघ्यांसाठी होता. तिने वाशीच्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. वर्गात तिने जुन्या कॅलेंडरमधलं एक पान लावलं होतं. शेतावरून परतणारी माणसं, एक गाढव, मागे टेकडी. इटलीतल्या एका डोंगरी गावात, चर्चच्या भिंतीवर, ते मूळ चित्र आहे. ती निवृत्त झाली तेव्हा ते पानही घरी आलं. तिला ती भिंत बघायची होती. बाकी इटली राहिली तरी चालेल, म्हणाली.

गर्दीत तिला उभं राहवत नाही, म्हणून हंगाम संपल्यावर, नोव्हेंबरात जायचं ठरलं. पण हंगामाबरोबर त्या गावच्या बसही संपतात. उरते ती शाळेच्या मुलांना न्यायला येणारी एक बस. ती पायथ्याशी थांबते. तिथून वर ऐंशी पायऱ्या. भाड्याची गाडी घेतली, तर मागच्या रस्त्याने थेट चर्चच्या दारात. टॅक्सीचं विचारलं तेव्हा, ज्यांच्याकडे खोली घ्यायची होती त्या बाईंनी कळवलं, की टॅक्सीवाला हिवाळाभर मुलीकडे राहायला जातो.

म्हणजे गाडी असेल तर चित्र, नाहीतर पायऱ्या. इतका सरळ मामला होता.

मला काचबिंदू आहे. हे घरात फक्त मलाच ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजरेचा नकाशा काढून दाखवला होता. डावीकडची कड काळी झाली होती. "गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. आणि गाडी बंद," ते म्हणाले. मी घरी येऊन चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून सांगितलं. थेंबांची बाटली डोळे कोरडे पडतात या सबबीवर उघड्यावरच ठेवली. तो नकाशा मात्र गाडीच्या कागदपत्रांत, विम्याच्या मागे.

परदेशात गाडी चालवायचा परवाना घ्यायला डॉक्टरांचा दाखला लागतो. तो मी दुसऱ्या एका डॉक्टरांकडून घेतला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "चष्मा आहे ना?" आहे म्हटलं. त्यांनी शिक्का मारला. मी त्यांना दोष देत नाही. पाहायचं नाही असं ठरवूनच मी त्यांच्याकडे गेलो होतो, त्यांनी सहकार्य केलं.

मग सराव. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं असतं. उलव्याहून जासईकडे, कंटेनरच्या यार्डांच्या बाजूला, रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात आणि उलट बाजूने येणाऱ्याचं कुणाला नवल वाटत नाही. समोरून नियमाने येणारा रिक्षावाला मला पाहून निमूट कडेला झाला. मला वाटलं, इटली अवघड नाही.

बायको नेहमीसारखी डावीकडे बसली होती आणि नेहमीसारखी बोलत होती. "डावीकडे सायकल आहे. कुत्रं आहे हं. टेम्पो घुसतोय." दोन-तीन वर्षं तिचं हे चाललं होतं. मी त्याला वय म्हणत असे. त्या सकाळी म्हणालो, "तू जरा गप्प बस. तिकडे मी डावीकडे असेन, तू उजवीकडे. डावीकडचं मलाच बघायचंय."

"बरं," ती म्हणाली, आणि गप्प बसली.

एक-दोन मिनिटं गेली असतील. मग ती "अहो" म्हणाली, आणि मी ब्रेक दाबेपर्यंत बंपरला काहीतरी लागलं. दुभाजकाच्या फटीतून एक बाई मासळीची पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. जिकडून गाड्या यायला हव्यात, तिकडे बघत होती. मी दुसरीकडून आलो.

ती रस्त्यावर बसली होती. कोपर सोललेलं, बोंबील धुळीत. मी पाणी दिलं, दवाखान्यात चला म्हणालो. तिने हात हलवून नको म्हटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"काका, तुमी मना बघलाच नाय," ती म्हणाली. मग माझ्या बायकोकडे वळून, "ताई, तुमी तरी सांगाचा."

"रोज सांगते," बायको म्हणाली. "आज नको म्हणाले."

बायको खाली बसून बोंबील वेचू लागली. नंतर तिला उठता येईना. तेव्हा त्या बाईनेच, ज्याच्या कोपराला लागलं नव्हतं त्या हाताने, तिला उठवलं. मी बोनेटला टेकून उभा होतो.

परतताना गाडी डाव्या बाजूने, सायकलच्या वेगाने आणली. बायको पुन्हा बोलू लागली होती. सोसायटीच्या गेटाशी मी डोळ्यांबद्दल सांगायला सुरुवात केली.

"बाटलीवर लिहिलेलं असतं," ती म्हणाली. "मला वाचता येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगायची वाट बघत होते. आणि मलाही ती भिंत बघायची होती."

हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. आपल्याकडे अंधपंगुन्याय आहे. त्यात आंधळा पांगळ्याला खांद्यावर घेतो आणि दोघं मुक्कामी पोचतात. वाटेत तिसऱ्या कुणाचं कोपर सोलतं का, याबद्दल जाणकार गप्प आहेत.

दुपारी मी गाडीचं बुकिंग रद्द केलं. विमानाची तिकिटं ठेवली. बायकोने कॅलेंडरचं पान टेबलावर पसरलं, त्याच्या घड्या हाताने सारख्या केल्या आणि तिचा बेत सांगितला. शाळेची बस घ्यायची. ती खाली बाकावर बसेल. मी वर जाऊन यायचं आणि काय पाहिलं ते सांगायचं.

"पण मान वळवून बघा," ती म्हणाली. "डावीकडचं तुमचं राहून जातं."

किल्ली आता तिच्या पर्समध्ये असते. परवाना कपाटात आहे. त्याची मुदत अजून सात महिने आहे, आणि सोबतच्या दाखल्यानुसार माझ्या नजरेत कोणताही दोष नाही.