चप्पल सापडायच्या आधी

अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला की मला एका रविवारची माझी फजिती आठवते. तेव्हा बायको गडचिरोलीला नर्स होती आणि मी नागभीडला नोकरीला, त्यामुळे भेट काय ती रविवारी. हरवलेल्या मुलांच्या रहस्याची एक मालिका आम्ही शेजारी बसून बघितली होती, म्हणून तिचा दुसरा सीझन आला तेव्हा फोनवर शपथा झाल्या, की एकट्यानं एकही भाग बघायचा नाही. त्या दुपारी मोहफुलांचा गोडसर वास खिडकीतून आत येत होता, कुलर घरघरत होता आणि पडद्यावर पोलीस नाल्याकाठी नुसतेच हिंडत होते, तोच शेजारून हुंदका ऐकू आला. बघतो तर बायको ओढणीनं डोळे पुसतेय. हिनं माझ्याशिवाय बघून घेतलं! "काऊन वं," मी कडाडलो, "पोराची चप्पल तर अजून सापडलीच नाई, अन् तू आधीच रडून राह्यली? दगाबाज!" तिनं ओढणी खाली घेतली आणि शांतपणे विचारलं, "चप्पल सापडते, हे तुमाले कोनं सांगतलं जी?" नागभीडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताबघता मोबाईलवर मी अख्खा सीझन संपवला होता. आता आम्ही एकाच घरात राहतो, दोघांचीही चोरी उघडी पडली त्या दुपारवर हसतोही. पण स्वतः चोर असूनही मला अजून सलतं, की त्या चपलेसाठी ती पहिल्यांदा रडली तेव्हा मी शेजारी नव्हतो.