डोहाचं ओगराळं

आमच्या घराला गावात चोरांचं घर म्हणतात. तोंडावर म्हणतात, हसत म्हणतात, आणि आम्हीही हसून घेतो. मी मूळची खालापूरच्या बाजूची. लग्न होऊन कळंबकडच्या या गावात आले, उंबरठ्यावरचं माप ओलांडलं आणि मागून एका म्हातारीने ऐकवलं, "ये गं बाय, चोरांच्यात आलीस." मला तिथेच रडू फुटलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "खरं तेच सांगते ती. रडतीस कशाला?"

चोरी कसली ते सांगते. गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याचा एक डोह आहे. उन्हाळ्यात ओढा आटतो, डोह आटत नाही. त्याच्या तळाशी एक बुडालेलं नगर आहे असं गाव मानतं. पूर्वी कुणाकडे लग्न निघालं की घरची बाई आदल्या संध्याकाळी डोहावर जायची, काठच्या खडकावर सुपारी-अक्षता ठेवायची, "उद्या कार्य हाय, भांडी दे गं बाय," म्हणायची आणि मागे न बघता परत यायची. सकाळी खडकावर भांडी मांडलेली असायची. टोप, पराती, हंडे, सगळं लखलखीत. कार्य उरकलं की घासूनपुसून पुन्हा तिथेच ठेवायची. मग एका घराने एक भांडं ठेवून घेतलं आणि डोह मिटला तो मिटलाच. ते घर आमचं.

अशी गोष्ट पुष्कळ गावांतल्या डोहांची आणि तळ्यांची सांगतात, हे मला मागाहून कळलं. पण तिथे 'कुणीतरी लोभी माणूस' एवढ्यावर भागतं. आमच्याकडे चोराचा पत्ता ठाऊक आहे आणि चोरीचा मालही जाग्यावर आहे. स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेलं, वरण वाढायचं पितळी ओगराळं. खोलगट वाटी, लांब उभा दांडा, दांड्याच्या टोकाला आकडा. त्यात आमचा धंदा लग्नाकार्याला भांडी भाड्याने द्यायचा. हे टेंपो चालवतात, मी भांडी देते-घेते. आमच्या प्रत्येक टोपावर, झाऱ्यावर घराण्याचं नाव ठोकून घातलंय. फक्त त्या ओगराळ्यावर कुणाचंच नाव नाही. आता लोकांनी चोर म्हणू नये तर काय म्हणावं?

चोरी कबूल असल्यामुळे तिची एक रीत पडली. गावात कुणाचंही लग्न असो, आदल्या संध्याकाळी आमच्या घरची बाई ओगराळं घेऊन डोहावर जाते. खडकावर ठेवते. "तुजं तू घे गं बाय, चुकलं आमचं," म्हणते आणि वळून न बघता घरी येते. सकाळी जाऊन बघते तर ते तिथेच असतं. डोहाचा राग गेलेला नसतो. मग ते घरी आणायचं, चिंच लावून घासायचं आणि लग्नाच्या पहिल्या पंगतीत पहिलं वरण त्यानेच वाढायचं. मोहल्ल्यातल्या मुसलमान घरात लग्न असलं तरी ओगराळं डोहावर जातंच, आणि तिथे ते पहिल्या दस्तरखानावर डाळ वाढतं. डोहाने भांडी दिली तेव्हा जात विचारली नव्हती, मग आम्ही कोण विचारणार?

नवी होते तेव्हा मी एकदा ते उचलून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. एवढी देवाघरची वस्तू, खुंटीला काय टांगायची, असं वाटलं. सासूबाईंनी काढून पुन्हा खुंटीला लावलं. म्हणाल्या, "डोहानं वाढाया दिलतं, पुजाया नाय."

मी विचारलं, "आणि एखाद्या दिवशी डोहाने ते घेतलं तर?"

"मग काय, लोकांना भांडी फुकट मिळतील. आपला धंदा बसंल," म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

माझं मन मात्र त्या नगरात जाऊन राहायचं. भाताची लावणी करताना, घागरी भरताना मी ते नगर बघायचे. तिथे सोन्याचे बुरूज नव्हते. पाण्याखाली कोरडं राहिलेलं एक मोठं सैपाकघर होतं, पेटलेल्या चुली होत्या आणि वर कुणाकडे कार्य निघालंय याची चौकशी करणाऱ्या बायका होत्या. मला माहेर दूर होतं, इथे सगळे चोराची सून म्हणून चिडवत, आणि या बायका मात्र मला आपल्या वाटत. खरं-खोटं मी कधी तपासलं नाही. शाळेत शिकलेलं विज्ञान मला येतं. तरी सांगते, त्या नगराने मला सांभाळलं आणि त्याची मला लाज वाटत नाही.

सासूबाई गेल्या, ओगराळं माझ्या हातात आलं. तोवर गावाच्या वरच्या अंगाला रिसॉर्ट उभं राहिलं होतं. डोहाकडे जाणारी वाट त्यांच्या फाटकातून जाते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वॉचमन फाटक उघडतो, बाकी वेळ बंद. शनिवार-रविवारी तिथे शिबिरं भरतात. पांढरे कपडे घातलेले लोक गवतावर डोळे मिटून बसतात. त्यांना आमची भांडीही लागतात, म्हणून माझं येणंजाणं होतं.

त्या शिबिरांचे एक मार्गदर्शक होते. वय पन्नाशीचं, बोलणं गोड, मराठी स्वच्छ. वॉचमनकडून त्यांना ओगराळ्याची गोष्ट कळली आणि ते थेट आमच्या भांड्यांच्या शेडमध्ये आले. मी टोप पुसत होते. त्यांनी ओगराळं बघायला मागितलं आणि दोन्ही तळहातांवर घेतलं. मग म्हणाले, फार पूर्वी समुद्रात एक खंड बुडाला. तिथल्या ज्ञानी लोकांना मंत्रविद्या येत होती. बुडताना त्यातले काही सह्याद्रीत आले आणि डोंगरातल्या डोहांत त्यांनी आपल्या विद्येची दारं ठेवली.

मला गंमत वाटली. आमच्याकडे परशुरामाने समुद्र मागे हटवून जमीन वर काढली म्हणतात, आणि यांची तर बुडालेली. पण पुढचं वाक्य ऐकून माझी गंमत संपली. ते म्हणाले, "ताई, तुमचं घराणं चोर नाही. ही वस्तू त्यांनी तुमच्याकडे सोपवली. तुम्ही रक्षक आहात. पिढ्यान्‌पिढ्या तुम्हाला कुणी हे सांगितलं नाही, एवढंच."

पैसे दिले असते तर मी त्यांना दार दाखवलं असतं. त्यांनी मान दिला. उंबरठ्यावर ऐकलेला तो शब्द इतकी वर्षं अंगाला चिकटून होता, तो या माणसाने एका वाक्यात धुऊन काढला. खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. चार-सहा दिवस मी मान ताठ करून गावातून फिरले. ह्यांना सांगितलं, आपण रक्षक आहोत. हे टेंपोचा टायर बघत होते. म्हणाले, "म्हंजे वॉचमनच ना? पगार विचारलास का?"

त्यातच आमच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी नेरळला नोकरी करते, नवरा मुलगाही तिकडचाच. मार्गदर्शकांना कळलं तेव्हा ते पुन्हा आले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांचं शिबिर होतं. त्यांचं म्हणणं असं की या वेळी सगळं विधिपूर्वक करू. शिबिरातली माणसं काठावर बसतील, मंत्र म्हणतील, आणि ओगराळं ते स्वतः पाण्यात सोडतील. म्हणजे वस्तू मूळ स्थानी जाईल, घराणं मोकळं होईल आणि मुलगी नव्या घरी जाईल ती चोराची लेक म्हणून जाणार नाही. ही शेवटची गोष्ट त्यांनी फार हळू सांगितली. नेमकी तीच मला लागली.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीला हळद लागली आणि मी मागच्या पडवीत ओगराळं घासायला बसले. चिंच लावून घासताना बोट त्याच्या कडेवरून फिरलं. ती कड एका बाजूने झिजलेली आहे. टोपाच्या तळाशी राहिलेलं वरण ओढून घेताना जी बाजू घासते, ती. कितीतरी बायकांनी यातून लोकांना वाढलं तेव्हा पितळ झिजलं. आणि त्यातल्या प्रत्येकीने आदल्या संध्याकाळी चढण चढून 'चुकलं आमचं' म्हटलेलं होतं. माझ्या सासूबाई गुडघे धरून चढत. शेवटच्या वर्षी मी हाताला धरून नेलं, तर वर पोचल्यावर माझा हात सोडवून घेतला, कारण माफी आधार घेऊन मागायची नसते म्हणे. आम्ही रक्षक असलो तर मग या बायका काय येड्या होत्या? त्यांची आयुष्यभराची माफी मी एका गोड शब्दासाठी खोटी ठरवणार होते. मला स्वतःचाच राग आला आणि त्याहून जास्त त्या माणसाचा आला. आमचा अपराध त्याने उचलून नेला होता आणि बदल्यात बिल्ला लावायला दिला होता.

संध्याकाळी मी एकटीच गेले. नवरीने हळदीच्या अंगाने घर सोडायचं नसतं. फाटक सताड उघडं होतं. खडकाभोवती पणत्या, फुलं, रंगीत दगड, आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं अर्धगोल करून बसलेली. काहींच्या हातात मोबाइल. मार्गदर्शक उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या त्या रक्षक."

"रक्षक बिक्षक कुणी नाय," मी म्हटलं. "आमी चोर हाय. गावात कुणालाबी इचारा."

कुणीतरी हसलं. मार्गदर्शकांनीही हसून हात पुढे केला. "द्या ताई. मी पाण्यात सोडतो."

"तुमी काय चोरलंय?" मी विचारलं.

त्यांना समजलं नाही.

"तुमी काय चोरलं नाय, मग परत काय करणार? चोरी आमची हाय. परत करायची तर माझ्या हातानं. आणि ती घेईल तवा घेईल. तिच्या तोंडात कोंबायचं नाय."

माझा आवाज चढला होता. राग होताच, भीतीही होती. फाटक त्यांचं, जमीन त्यांची. पुढच्या लग्नाला हे फाटक उघडतील की नाही कुणी सांगावं. पण आता मागे सरायचं नव्हतं. मी म्हटलं, "इथे कुणी बघत बसायचं नसतं. पाठ करा सगळ्यांनी. मोबाइल खाली."

आणि त्यांनी पाठ केली. विधीची आवड असलेली माणसं ती, हाही विधी त्यांना पटला असावा. मार्गदर्शक सगळ्यांत शेवटी वळले. मी फुलं बाजूला सारली, ओगराळं उघड्या खडकावर ठेवलं आणि म्हटलं, "तुजं तू घे गं बाय, चुकलं आमचं. उद्या माज्या लेकीचं हाय." मग फाटकातून सरळ खाली आले. मागे बघायचं नसतं, म्हणून तो माणूस काय करतोय हेही मला बघता येईना. अशी कठीण वाट मी आयुष्यात चालले नाही.

उजाडल्याबरोबर गेले. ओगराळं जागेवर होतं. कुणीतरी त्यात सुगंधी पाणी आणि एक निळा खडा घालून ठेवला होता. मी पाणी ओतून टाकलं, खडा त्यांच्या पणत्यांशेजारी ठेवला आणि ओगराळं पदराने पुसलं. दरवेळी ते खडकावर दिसलं की मला वाईट वाटायचं, की डोह अजून रागावलाय. त्या सकाळी मी खडकावर बसून पोटभर रडले, कारण ते अजून आमच्याकडे होतं. त्या नगराशी आमचं भांडण अजून चालू होतं, आणि भांडण चालू आहे तोवर येणंजाणं राहतं.

लग्नाला बुफे होता, पण पहिली पंगत आमच्याकडे जमिनीवरच बसते. मार्गदर्शकांना मी आमंत्रण दिलेलं होतं आणि ते आले होते, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पानावर भाताची मूद, वाफ येत होती. मी वरणाचा टोप कडेवर घेऊन वाढत आले. त्यांच्यापुढे वाकले तर त्यांनी ओगराळ्याला हात जोडले आणि डोळे मिटले. शेजारी बसलेला आमचा म्हातारा चुलत सासरा म्हणाला, "चोरांच्या घरचं वरण हाय, निवांत खावा."

"हात खाली घ्या," मी म्हटलं. "भात निवतोय."

त्यांनी डोळे उघडले. मी वाढलं. ते मुकाट्याने जेवू लागले, आणि मी पंगतीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले तेव्हा त्यांचा भात संपत आला होता. त्यांनी मान वर करून, अगदी साध्या आवाजात, आणखी वरण मागितलं. बुडालेल्या त्या नगराची मंत्रविद्या मला माहीत नाही. मागितलं की द्यायचं, एवढं मात्र तिथे नक्की येत होतं. मी ओगराळं तळापर्यंत घातलं आणि काठोकाठ भरून वाढलं.