मलिहाबादचा बुटका गड

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत, मी नानांना किल्ला दाखवायला नेलं. नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून साताऱ्यात एकटे राहत. महिनाभर माझ्याकडे लखनौला आले होते आणि गुरुवारी परत निघणार होते. इथंच राहा म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं? शिवाय तुझ्या गावाला एक गड नाही."

मलिहाबादच्या पुढे एका टेकाडावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, असं मी नोकरी करत असे त्या प्रयोगशाळेत कुणीतरी सांगितलं होतं. नानांनी कॅनव्हासचे बूट चढवले, काठी घेतली, भाकरी-पिठलं बांधून घेतलं. बसमधून उतरून आम्ही आमराईतून चालत राहिलो. मोहोराचा वास सुटला होता. मान वर करकरून आम्ही डोंगर शोधत होतो, पण जमीन मेली जिकडेतिकडे पोळपाटासारखी. दमल्यावर पडक्या वीटभट्टीच्या ढिगावर बसलो आणि भाकरी खाल्ली.

बागेचा म्हातारा चौकीदार खालून जात होता. नानांनी आपल्या हिंदीत विचारलं, "भैया, किला किधर है?"

"बाबूजी, किले पर ही तो बैठे हैं।"

नाना हसता हसता ठसकले. "अगं, गड चढलो ते गुडघ्यांना कळलंसुद्धा नाही!"

मग मात्र ते गंभीर झाले. बूट काढले, माती कपाळाला लावली आणि काठीने झुडपं बाजूला करत फिरले. बुरुजाचा बुंधा सापडला, खचलेली विहीर सापडली. चौकीदाराने फाटकाची जागा दाखवली. "और कुछ बचा नहीं," तो जरा ओशाळून म्हणाला.

"पानी है, बुरुज है। और क्या चाहिए?" नाना म्हणाले.

तो गेल्यावर ते बुरुजावर बसले. खाली सगळीकडे आमराया पसरल्या होत्या. तिकडे बघत म्हणाले, "अजिंक्यताऱ्यावर जाणं कधीच सुटलंय माझं. गुडघे चालत नाहीत. दारात खुर्ची टाकून खालून बघत बसतो."

मला धक्का बसला. ते रोज पहाटे गड चढतात, असंच मी सगळ्यांना कौतुकाने सांगत असे. एकट्या माणसाची ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली. "नाना, राहा ना इथं," मी म्हटलं. ते काढलेले बूट पुन्हा पायात चढवू लागले.

परतीच्या बसमध्ये नाना खिडकीशी बसले होते. बागा मागे पडत होत्या.

"दशहरी आंबा कधी पिकतो गं?"

"जूनमध्ये."

"मग तोवर मला काहीतरी काम लावून दे. भाजी आणेन, दळण आणेन. लेकीच्या घरी नुसतं बसून खाणार नाही मी."

"गुरुवारपासूनच दळण तुमच्याकडे," मी म्हटलं. आणखी बोलले असते तर भरल्या बसमध्ये रडले असते.